शेजारच्या रोल नंबरची चूक

औषधशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, आणि शेवटची काही वर्षं मी त्याच पगारात आणखी एक काम केलं, जे माझ्या नेमणूकपत्रात कुठेच नव्हतं. डॉक्टर होऊ घातलेल्या मुलामुलींना एकमेकांच्या चुका सांगायला मी शिकवत होते. त्यात मला यश आलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याने उगाच आशा धरून बसू नये. संपादकांनाही मी फोनवर तसं बजावलं होतं. ते म्हणाले, "मॅडम, यशस्वी लोकांचे लेख आमच्याकडे भरपूर आलेत, तुम्ही लिहाच."

कॉलेज गाझियाबादच्या पुढे, हायवेला लागून, खाजगी. मी राहते मयूर विहारमध्ये. यजमानांची नोकरी केंद्र सरकारची, म्हणून पुणं सोडून इथे आलो आणि पुढच्या वर्षी परत जाऊ असं म्हणता म्हणता इथलेच झालो. रोज सकाळी गाडी काढायची, ट्रॅफिकशी हुज्जत घालत कॉलेज गाठायचं आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांना कुठलं औषध शरीरात जाऊन काय करतं ते सांगायचं, हा माझा उद्योग. तो मला आवडायचा. विद्यार्थ्यांना मी फारशी आवडत नसे, पण त्यावाचून माझं काही अडलं नाही.

आता त्या दुसऱ्या कामाबद्दल. इंटरनेटवर एक मुक्त ज्ञानकोश आहे, तो कुणीही वाचू शकतं आणि कुणीही त्यात लिहू शकतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. इंग्रजीत वैद्यकावरचे लेख उत्तम आहेत. हिंदीतले पुष्कळसे मोडके, अर्धवट, आणि काही चक्क धोकादायक. ओपीडीबाहेर पोर मांडीवर घेऊन बसलेली बाई मोबाइलला हिंदीतच विचारते आणि जे वर येईल त्यावर विश्वास ठेवते. म्हणून मी ठरवलं, की माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याने हिंदीतला एक लेख घ्यायचा आणि तो सुधारायचा. आधी कच्च्या पानावर लिहायचं. मग वर्गातल्या जोडीदाराने ते वाचून लेखाच्या चर्चापानावर अभिप्राय लिहायचा. त्यावरून दुरुस्त्या करायच्या, जोडीदाराने पुन्हा एकदा नजर टाकायची आणि मगच लेख जगासमोर जायचा.

तुम्ही स्वतःच का तपासत नाही, असं सहकारी विचारायचे. तपासत तर मी होतेच. पण माझा हेतू वेगळा होता. डॉक्टरकीतलं निम्मं काम दुसऱ्याने लिहिलेलं वाचण्याचं असतं. रात्रपाळीवाल्याने लिहिलेलं सकाळचा वाचतो, सीनियरचं ज्युनियर वाचतो, डॉक्टरचं नर्स वाचते. या साखळीत कुणीतरी एकाने "थांबा, हे बरोबर आहे का?" असं म्हणण्यावर पेशंटचा जीव अवलंबून असतो. ते म्हणायची सवय दुसऱ्या वर्षात लागली नाही, तर पुढे लागत नाही, असं माझं मत होतं. अजूनही आहे.

अभिप्राय कसा द्यायचा तेही मी शिकवलं. काय जमलंय ते सांगा, काय चुकलंय ते पुराव्यासकट सांगा आणि काय केलं म्हणजे सुधारेल ते सांगा. माणसाबद्दल बोलू नका, वाक्याबद्दल बोला. सगळ्यांनी वह्यांत उतरवून घेतलं आणि नंतर जे केलं ते पाहून मी डोक्याला हात लावला. कावीळ या विषयावरच्या लेखाखाली एका मुलाने लिहिलं, "हार्ट टचिंग. पढ़कर बहुत अच्छा लगा." कावीळ वाचून कुणाला गहिवरून येतं, हे मला नोकरी संपेपर्यंत कळलं नाही. एका मुलीने मलेरियाच्या लेखाला "मधुमेहाबद्दल अत्यंत उपयुक्त माहिती" असं प्रशस्तिपत्र दिलं. एकच अभिप्राय तयार करून तिने मैत्रिणींतही वाटला होता. एकाने तर पूर्ण लेख औषध कंपनीच्या माहितीपत्रकातून उचलला, त्यातली 'विश्वसनीय' आणि 'सर्वोत्तम' ही विशेषणंसुद्धा न गाळता. त्याच्या जोडीदाराने एवढंच लिहिलं, की फोटो छान आहे. फोटो कंपनीच्या खोक्याचा होता.

मग यंत्राकडून लिहून घ्यायची सोय आली. अभिप्राय एकदम लांबलचक झाले, शुद्ध झाले, आणि पूर्वीपेक्षा पोकळ झाले. "आपण संदर्भ अधिक भक्कम करू शकता," असं प्रत्येकाच्या पानावर. मी एकाला उभं केलं आणि विचारलं, "बेटा, कौन-सा संदर्भ कमज़ोर है?" तो थोडा विचार करून म्हणाला, "मॅम, ओवरऑल." सगळा वर्ग हसला, मीसुद्धा हसले. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मुलं आळशी होती, असं मात्र मी म्हणणार नाही. त्यांची खरी अडचण रोल नंबरची होती. मेडिकल कॉलेजात रोल नंबर नावाच्या आद्याक्षरावरून लागतात आणि मग शेवटपर्यंत तेच नशीब. शेजारच्या नंबराबरोबर तुम्ही पहिल्या वर्षी एकाच प्रेतावर काम करता, दुसऱ्या वर्षापासून त्याच वॉर्डात जाता, त्याच दिवशी तोंडी परीक्षेला बसता, पुढे इंटर्नशिपची ड्यूटीही त्याच्याच बरोबर. तो आतून बाहेर येताना परीक्षक काय विचारतोय ते सांगतो. तुम्हाला ताप आला तर तो तुमची ड्यूटी घेतो. सख्खा भाऊ दुखावला तर चालेल, शेजारचा रोल नंबर दुखावून चालत नाही. आणि माझ्या उपक्रमातल्या जोड्यासुद्धा कॉलेजच्या संगणकाने रोल नंबरनेच पाडल्या. मी बदलून मागितल्या तेव्हा ऑफिसने कळवलं, की सिस्टममध्ये तसा ऑप्शन नाही.

अशाच एका जोडीत शलाका आणि शशांक होते.

शलाका आमच्या बाजूच्या सोसायटीतली. वडील एका मंत्रालयात, मूळचे साताऱ्याचे. मुलगी जन्मापासून दिल्लीची. हॉस्टेलवर न राहता घरून यायची, म्हणून बरेचदा माझ्या गाडीतून परतायची. मराठी चांगलं बोलायची, पण मधूनच शब्द हरवायचा. "मॅम, अभिप्राय म्हणजे फीडबॅकच ना? की ओपिनियन?" मी म्हटलं, दोन्ही, आणि त्यात थोडी जबाबदारी. ती म्हणाली, "अच्छा, म्हणजे जड काम आहे." मुलगी हुशार होती, पण मला आवडली ती तिच्या हट्टामुळे. एखादी गोष्ट पटली नाही, की घर येईपर्यंत ती सोडायची नाही.

शशांक गुरुग्रामचा. आईवडील दोघेही डॉक्टर, स्वतःचं नर्सिंग होम. तो वर्गाचा प्रतिनिधी होता, हसतमुख, कामसू, कुणाचंही काम अडलं तर धावणारा. त्याला खलनायक करून मला मोकळं होता येईल, पण तो तसा नव्हता. त्याने लहान मुलांच्या तापावर लेख घेतला आणि खरंच सुरेख लिहिला. फक्त एका वाक्यात त्याने म्हटलं, की ताप उतरवायचं औषध बाळाला एक छोटा चमचा द्यावं.

यात काय बिघडलं, ते सांगते. तेच औषध बाजारात दोन प्रकारच्या बाटल्यांत मिळतं. एक सिरप, चमच्याने द्यायचं. दुसरे तान्ह्या बाळांसाठीचे थेंब, ते ड्रॉपरने द्यायचे असतात आणि सिरपपेक्षा कितीतरी पटींनी तीव्र असतात. थेंबांच्या बाटलीतलं औषध कुणी चमचाभर पाजलं, तर बाळाच्या यकृताला धोका. शिवाय ज्ञानकोशाचा नियमच आहे, की औषधाची मात्रा लिहायची नाही. मात्रा बाळाचं वजन बघून डॉक्टरने सांगायची असते.

शलाकाने त्यावर जो अभिप्राय लिहिला, तो हिंदीत होता. मी मराठीत सांगते. "लेखाची भाषा इतकी सोपी आहे, की मी तो माझ्या मावशीला फोनवर वाचून दाखवला आणि तिला सगळा समजला. तिचं बाळ लहान आहे. पण म्हणूनच चमच्याच्या वाक्याची भीती वाटते. तिच्या घरात थेंबांची बाटली आहे आणि लेख वाचून ती त्यातलंच चमचाभर देईल. मात्रा न देण्याचा नियमही आहे. ते वाक्य काढून तिथे असं लिहावं, की तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी औषध देत न बसता लगेच डॉक्टरकडे न्यावं. पाठ्यपुस्तकातला संदर्भ खाली दिला आहे. बाकी लेखाला हात लावायची गरज नाही."

मी स्टाफरूममध्ये ते वाचलं आणि मला इतका आनंद झाला, की शेजारच्या शरीरक्रियाशास्त्राच्या मॅडमना बळेच वाचून दाखवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी लेख वाचून अभिप्राय दिला होता. शशांकने ते वाक्य काढलंही. काम फत्ते झालं, असं मला वाटलं.

चर्चापान सगळ्यांना उघडं असतं. कुणीतरी त्याचा स्क्रीनशॉट बॅचच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "रोल नंबर पार्टनर हो तो ऐसा." मग जे व्हायचं ते झालं. शशांक दुसऱ्या दिवशी माझ्या केबिनमध्ये आला, दार लोटून घेतलं, बसला नाही.

"मॅम, वो मुझे पर्सनली बोल सकती थी," तो म्हणाला. "मैं तो बगल में ही बैठता हूँ."

"उसने तुम्हारे बारे में क्या बुरा लिखा?"

"बुरा कुछ नहीं, मॅम. लेकिन सबके सामने लिखा."

"सबके सामने तो तुमने भी लिखा था."

त्याला ते पटलं नाही, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हेही मला सांगितलं पाहिजे. पुढे परदेशी अर्ज करताना तो लेख दाखवायचा, असं त्याच्या वडिलांनी ठरवलं होतं. त्या लेखाच्या चर्चापानावर आता त्याची चूक कायमची चिकटली होती. माझ्या दृष्टीने तो सुधारल्याचा पुरावा होता. त्यांच्या घरात ती बेअब्रू होती.

शशांकने शलाकाला एकदाही उलटून काही म्हटलं नाही. कुणीच म्हटलं नाही. फक्त तिला वाळीत टाकलं. नोट्स ठेवायचं बॅचचं जे सामाईक खातं होतं, ते तिला उघडेना. कॅन्टीनमध्ये ती आली, की बाक भरलेले असायचे. वॉर्डात पेशंटभोवती सगळे दाटीने उभे राहत आणि तिला मागून फक्त पाठी दिसत. गाडीत ती सांगायची, "ठीक है मॅम, होतं असं, यार कंटाळतील आपोआप." मला म्हणताना तिच्या तोंडून 'यार' निघून जाई आणि मग ती जीभ चावायची.

ते कंटाळले नाहीत. बालरोग विभागाच्या वॉर्ड टेस्टची वेळ ऐनवेळी बदलली. असे निरोप वर्गप्रतिनिधी ग्रुपवर टाकतो. ग्रुप आता नवा झाला होता आणि त्यात ती नव्हती. ती जुन्या वेळेला पोचली तेव्हा टेस्ट होऊन गेली होती. विभागाने गैरहजेरी लावली. त्या दिवशी परतताना ती हायवेपासून अक्षरधामच्या पुलापर्यंत रडत होती आणि मी पुन्हा पुन्हा गिअर बदलत होते, कारण दुसरं काय करावं ते मला सुचत नव्हतं.

मी प्राचार्यांकडे गेले. सगळं ऐकून त्यांनी मला चहा मागवला. "मॅडम, बच्चों की आपस की बात है. ग्रुप में किसको रखना है, ये कॉलेज थोड़े ही तय करेगा?" मी म्हटलं, टेस्ट पुन्हा घ्या. ते म्हणाले, देखते हैं. आणि मला दारापर्यंत सोडताना फार आपुलकीने म्हणाले, "थोड़ा पॉज़िटिव फीडबॅक सिखाइए ना, मॅडम. मोटिवेशन वाला." ती टेस्ट पुन्हा झाली नाही.

इकडे माझ्या उपक्रमाला शैक्षणिक समितीने गुण लावून दिले होते. गुण कशावर, तर विद्यार्थ्याने ज्ञानकोशात किती शब्दांची भर घातली त्यावर. संगणकाला तेवढंच मोजता येतं. चुकीचं वाक्य काढलं, की शब्द कमी आणि गुणही कमी. मी दोन बैठकांत घसा कोरडा केला. वैद्यकात काय लिहिलं नाही याला लिहिलेल्याइतकीच किंमत असते, हे त्या सगळ्या डॉक्टरांना माहीत होतं, आणि तरी हात वर झाले ते शब्द मोजण्याच्याच बाजूने.

त्यामुळे शेवटच्या फेरीआधी प्रत्येकाने लेखात भर घालायला सुरुवात केली. शशांकने एक तक्ता घातला. बाळाचं वय, ताप किती, घरी काय करावं. आणि त्या तक्त्याच्या एका चौकटीत तो छोटा चमचा परत आला. मुद्दाम नसेल. जुन्या मजकुरातून उचलला असेल. तक्ता जोडीदाराच्या दुसऱ्या नजरेसाठी शलाकाकडे गेला.

तिने लिहिलं, "टेबल की वजह से पढ़ना आसान हो गया है. मेरी तरफ़ से ठीक है." लेख दुपारी जगासमोर गेला. माझ्या तपासणीत तो चमचा मला दिसला आणि मी तो काढून टाकला. त्याला काही मिनिटंच लागली. पण मी उठले नाही, संगणकासमोर तशीच बसून राहिले. तिने वाचलंच नसेल, अशी मी मनाची समजूत घालत होते. एकाही अभिप्रायाबाबत मी असलं कधी चिंतलं नव्हतं.

संध्याकाळी ती गाडीत बसली. बरेच दिवसांनी तिच्या हातात कॅन्टीनचा चहाचा कप होता.

"तक्ता वाचलास?" मी विचारलं.

"हो, मॅम."

"चमचा दिसला?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "दिसला."

"मग?"

"मॅम, मला अजून तीन वर्षं त्याच्या बाजूला उभं राहायचंय," ती म्हणाली. "तुम्हाला नाही." आणि थोड्या वेळाने, जरा मऊ आवाजात, "तुम्ही बघालच, हे मला माहीत होतं."

मला तिचा राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. ती खोटं बोलली नव्हती. तक्त्यामुळे वाचणं सोपं झालंच होतं. खरं तेवढंच बोलायचं आणि महत्त्वाचं ते गिळायचं, ही कला माझ्या वर्गातली सर्वांत प्रामाणिक मुलगी शिकली होती, आणि ती तिला एका सहामाहीत आली. औषधशास्त्र शिकायला तिला त्याहून जास्त वेळ लागला.

त्यानंतर तिला ग्रुपमध्ये परत घेतलं. वाढदिवसाला केक आणला, तोंडाला फासला, फोटो काढले. तिची आई मला सोसायटीच्या भाजीवाल्याकडे भेटली आणि म्हणाली, "मध्ये फार कोमेजली होती हो, आता परत हसायला लागली. बरं झालं बाई." बरं झालं, असं मीही म्हणाले. त्या माऊलीला आणखी काय सांगणार होते?

मी निवृत्त झाले. उपक्रम अजून चालू आहे, आणि कॉलेजच्या माहितीपुस्तकात त्याला रंगीत पान मिळालं आहे. आता लेखही यंत्र लिहितं आणि अभिप्रायही यंत्रच देतं, त्यामुळे कुणाचं कुणाशी वाईट होत नाही. मी सकाळी चहा घेताना ते जुने लेख चाळते. कुठे ना कुठे कुणीतरी मात्रा घुसवलेली असते. मी काढते, आठवड्याने दुसरं कुणी घालतं. या वयात माझे डोळे लवकर थकतात आणि लेख पुष्कळ आहेत. मी किती दिवस पुरणार, हा प्रश्न मी हल्ली स्वतःला विचारत नाही.

गेल्या महिन्यात शलाका आईला घेऊन घरी आली. आता ती इंटर्न आहे, बालरोग विभागातच. चेहऱ्यावर थकवा होता, पण आत्मविश्वासही होता. वॉर्डातल्या गमती सांगत होती, शशांकच्या नकला करत होती. दोघांची चांगली गट्टी आहे म्हणे. मी बराच वेळ ऐकलं. मग माझ्याने राहवेना.

"सीनियरने औषधाची ऑर्डर चुकीची लिहिली, असं दिसलं तर काय करतेस?"

"मी सिस्टरना हळूच म्हणते, सरांना एकदा विचारून घ्या," ती म्हणाली. "माझं नाव येत नाही, मॅम."

"आणि सिस्टरने नाही विचारलं तर?"

तिने कप खाली ठेवला. क्षणभर मला ती गाडीतली हट्टी मुलगी दिसली, असं वाटलं. पण ती फक्त शब्द शोधत होती.

"ऑर्डर तर सरांचीच असते ना, मॅम."

"आधी किती तापट होती!" तिची आई कौतुकाने म्हणाली. "जिथे तिथे वाद. आता बघा, बिल्कुल सगळ्यांशी जुळवून घेते. तुमच्याच हाताखाली शिकली हो."

मी शलाकाकडे पाहिलं. ती नाही म्हणेल, निदान नजर तरी चुकवेल, असं मला वाटत होतं. तिने माझ्याकडे सरळ पाहिलं, मनापासून हसली आणि म्हणाली, "हो ना, सगळं मॅमकडेच शिकले."